घर्षणाची करामत

(विजेच्या कामासाठी लागणाऱ्या तांब्याच्या लांब पट्ट्या कारखान्यात कशा तयार होतात, याची माहिती या पाठात दिली आहे. जे घर्षण कामात अडथळा आणत होते, त्यालाच एका संशोधकाने कामाला कसे लावले, ते समजावून घ्या.)

मित्रांनो, घरी शेव किंवा चकली करताना तुम्ही पाहिले असेल. आई सोऱ्यात पीठ भरते, वरून दट्ट्या दाबते आणि खालच्या चकतीतून पीठ बाहेर पडते. चकतीला बारीक गोल भोके असली, तर शेव पडते. चांदणीच्या आकाराचे भोक असले, तर चकली पडते. सोऱ्या तोच, दाबणारा हातही तोच. पण चकती बदलली की आकार बदलतो.

एखादा पदार्थ असा दाबून छिद्रातून बाहेर काढायचा आणि त्याला आकार द्यायचा, या क्रियेला इंग्रजीत 'एक्स्ट्रूजन' म्हणतात. मराठीत तिला 'बहिःसारण' असे नाव आहे. 'बहिः' म्हणजे बाहेर आणि 'सारण' म्हणजे सरकवणे. टूथपेस्टची नळी दाबल्यावर पेस्ट बाहेर येते, तेही बहिःसारणच.

तुम्ही म्हणाल, "पीठ मऊ असते, पेस्टही मऊ असते. पण तांब्यासारखा धातू छिद्रातून कसा बाहेर पडेल?" प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी तांब्याची थोडी ओळख करून घेऊ.

उर्दूत आपण ज्याला 'तांबा' म्हणतो, त्याला मराठीत 'तांबे' म्हणतात. उर्दूतील 'तांबा' पुल्लिंगी आहे, तर मराठीतील 'तांबे' नपुंसकलिंगी आहे, हेही लक्षात ठेवा. चांदी सोडली, तर तांब्याइतका विजेचा चांगला वाहक असलेला दुसरा धातू नाही. म्हणून विजेची तार, पंख्याची मोटर, ट्रान्सफॉर्मर, वीज केंद्रातील जनित्र या सर्वांमध्ये तांबे वापरतात. तांबे सुमारे १०८५ अंश सेल्सिअस तापमानाला वितळते. पण ते वितळण्याच्या बरेच आधी तापून मऊ होते. मऊ झालेले तांबे जोराने दाबले, तर ते घन अवस्थेतच पिठासारखे वाहू लागते. आपल्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे.

तांब्याला आकार देण्याची कला फार जुनी आहे. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. तेथील कारागीर तांब्याच्या पत्र्यावर हातोडीने ठोके देऊन हंडे, घागरी, तपेली घडवतात. तार करायची असेल, तर धातूची कांब पोलादी पट्टीतील लहान भोकातून ओढून काढतात. पुढे यंत्रे आली. इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा यांनी १७९७ मध्ये शिशाच्या नळ्या दाबून काढण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. शिसे मऊ असते. तांब्याचे मिश्रधातू त्याहून पुष्कळच कठीण. ते तापवून दाबून काढण्याची रीत अलेक्झांडर डिक यांनी १८९४ मध्ये यशस्वी केली.

मोठा सोऱ्या आणि त्याच्या अडचणी

कारखान्यातील नेहमीचे दाबयंत्र म्हणजे एक प्रचंड सोऱ्याच होय. तांब्याचा गोल ठोकळा आधी भट्टीत सुमारे ८०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. मग तो जाड पोलादी नळकांड्यात ठेवतात. मागून दट्ट्या त्याला ढकलतो. पुढे पोलादी साचा असतो. या साच्याला कारखान्यात 'डाय' म्हणतात. डायच्या छिद्रातून तांबे हव्या त्या आकारात बाहेर येते.

ही रीत चांगली आहे; पण तिच्यात तीन अडचणी आहेत.

पहिली अडचण घर्षणाची. घर्षण म्हणजे रगड. ठोकळा पुढे सरकताना नळकांड्याच्या भिंतीला घासतो. भिंत त्याला मागे धरून ठेवते. दट्ट्याचा बराचसा जोर ही रगड मोडण्यातच खर्च होतो.

दुसरी अडचण उरलेल्या तुकड्याची. सोऱ्यातील सगळे पीठ कधीच बाहेर येत नाही. तळाशी थोडे उरते. तसाच ठोकळ्याचा शेवटचा भाग आत उरतो. तो कापून पुन्हा वितळवावा लागतो.

तिसरी अडचण थांबण्याची. एक ठोकळा संपला, की यंत्र थांबवून दुसरा भरावा लागतो. म्हणजे एका ठोकळ्यात जेवढे तांबे, तेवढीच पट्टी. कित्येक किलोमीटर लांबीची अखंड पट्टी अशा रीतीने मिळणे कठीण.

शेवयांचे यंत्र आठवा

आता रमजान ईदच्या आधी काही घरांत जे शेवयांचे यंत्र खाटेच्या कडेला बसवतात, ते आठवा. त्यात दट्ट्या नसतो. आत मळसूत्री दांडा असतो. एक जण हात फिरवतो, दुसरा वरून पीठ टाकत राहतो आणि खालून शेवया पडत राहतात. पीठ संपेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. सोऱ्या आणि हे यंत्र यांत हाच फरक आहे. सोऱ्याचे काम तुकड्यातुकड्याने चालते, या यंत्राचे काम अखंड चालते.

धातूच्या बाबतीतही असे अखंड काम करता येईल का, असा विचार अनेकांनी केला. इंग्लंडमध्ये लँकेशायर परगण्यात स्प्रिंगफील्ड्स येथे ब्रिटनच्या अणुऊर्जा प्राधिकरणाचा कारखाना होता. तेथे अणुभट्ट्यांसाठी इंधन तयार होत असे. तेथील डेरेक ग्रीन या संशोधकांनी १९७१ मध्ये एक नवी रीत शोधून काढली. तिचे नाव 'कॉन्फॉर्म'. तिला 'अखंड बहिःसारण' असेही म्हणता येईल.

ग्रीन यांच्या रीतीत दट्ट्या नाही आणि मळसूत्रही नाही. मग तांब्याला ढकलते कोण? ढकलते ते घर्षण! ज्या घर्षणाशी दट्ट्या झगडत होता, त्यालाच त्यांनी ढकलण्याच्या कामाला लावले.

चाक, खोबण आणि अडसर

हे यंत्र डोळ्यांसमोर आणण्यासाठी एक जाड पोलादी चाक मनात आणा. त्याच्या घेरावर, सायकलच्या रिमला असते तशी, सभोवार खोबण आहे. चाक विजेच्या मोटरीने सावकाश पण मोठ्या जोराने फिरते. चाकाच्या एका भागावर पोलादाचा स्थिर ठोकळा घट्ट बसवलेला आहे. तो चाकाला बुटासारखा बसतो, म्हणून त्याला 'शू' म्हणतात. शू खोबणीवर झाकण घालतो. त्यामुळे तेथे एक बंद बोगदा तयार होतो. बोगद्याच्या शेवटी शूचाच एक दात खोबणीत घुसून वाट अडवतो. हा झाला अडसर. अडसराजवळच बाहेर पडण्याची एक वाट ठेवलेली असते. त्या वाटेवर डाय असतो.

आता तांब्याची थंड कांब खोबणीत घालतात. एक लहान रूळ तिला खोबणीत घट्ट दाबून बसवतो. चाक फिरू लागले, की कांबही बोगद्यात ओढली जाते.

येथे थोडे गणित करा. खोबण चौकोनी आहे असे समजा. बोगद्याला चार बाजू आहेत. त्यांपैकी तळ आणि दोन भिंती या तीन बाजू चाकाच्या आहेत. त्या फिरतात आणि कांबेला पुढे ओढतात. चौथी बाजू शूची आहे. ती स्थिर आहे आणि कांबेला मागे धरते. तीन बाजूंची ओढ पुढे, एका बाजूची ओढ मागे. तीनातून एक वजा केला, की दोन उरले. शेवटी पुढची ओढच जिंकते.

कांब पुढे सरकत अडसराशी येते. आता पुढे वाट नाही आणि मागून चाक तर ढकलतच आहे. तांब्यावर प्रचंड दाब येतो. ते खोबणीत दबून, पसरून गच्च भरते. घासल्यामुळे आणि दबल्यामुळे ते तापते. शेवटी मऊ होऊन ते मोकळ्या असलेल्या एकाच वाटेने, म्हणजे डायमधून, बाहेर पडते. मागून कांब येतच राहते आणि पुढून पट्टी निघतच राहते.

भट्टीशिवाय उष्णता

या रीतीत कांब भट्टीत तापवावी लागत नाही, हे तुमच्या लक्षात आले का? ती थंडच आत जाते. तरी अडसराजवळ तांब्याचे तापमान सुमारे ५०० अंश सेल्सिअस किंवा त्याहूनही अधिक होते. ही उष्णता कोठून आली?

दोन सोपे प्रयोग करून पाहा. आपले तळहात एकमेकांवर जोराने घासा. ते गरम होतील. ही घर्षणाची उष्णता. आता बांधकामात वापरतात तशा लोखंडी तारेचा एक तुकडा घ्या. विजेच्या जोडणीतील तारेला मात्र हात लावू नका. हा तुकडा एकाच जागी सात-आठ वेळा भराभर मागेपुढे वाकवा आणि वाकलेल्या जागी हलकेच बोट लावा. ती जागा कोमट लागेल. ही धातूचा आकार बदलताना निघालेली उष्णता. कॉन्फॉर्म यंत्रात या दोन्ही उष्णता एकत्र येतात.

ही उष्णता वाढत राहिली, तर चाकच खराब होईल. म्हणून चाक आणि शू यांच्या आतून पाणी खेळवून त्यांना थंड ठेवतात. या यंत्रात ॲल्युमिनियम हाताळणे सोपे असते, कारण ते लवकर मऊ होते. तांब्याला जास्त तापमान आणि जास्त दाब लागतो. म्हणून तांब्यासाठी डाय आणि अडसर अशा खास मिश्रधातूंचे करावे लागतात, जे तापले तरी आपला कठीणपणा सोडत नाहीत.

डायमधून निघालेली पट्टी खूप गरम असते. तिला तशीच हवा लागली, तर हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन ती काळी पडेल. म्हणून तिला हवा लागू न देता थेट थंड पाण्यात नेतात. बाहेर आलेली पट्टी लालसर आणि चकचकीत असते. शिवाय ती मऊही असते. एरवी ताणलेले किंवा ठोकलेले तांबे ताठर होते आणि त्याला पुन्हा भट्टीत घालून मऊ करावे लागते. येथे तो खर्च वाचतो.

एका कांबेचे वेटोळे संपत आले, तर काय करतात? त्याच्या टोकाला दुसऱ्या वेटोळ्याचे टोक जोडतात. यंत्र चालूच राहते. थोडे तांबे चाक आणि शू यांच्यामधल्या अरुंद फटीतून निसटते आणि ते खरवडून काढावे लागते. म्हणजे काहीच वाया जात नाही असे नाही. पण मोठा उरलेला तुकडा कापण्याची वेळ येत नाही.

थोडे गणित

अनेक यंत्रांत १२.५ मिलिमीटर व्यासाची गोल कांब वापरतात. तिच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे १२३ चौरस मिलिमीटर होते. तिच्यापासून १० मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड पट्टी काढली, तर पट्टीच्या छेदाचे क्षेत्रफळ ३० चौरस मिलिमीटर होईल. १२३ ला ३० ने भागा. उत्तर सुमारे ४ येते. म्हणजे एक मीटर कांबेपासून सुमारे चार मीटर पट्टी मिळेल.

आता ४० मिलिमीटर रुंद आणि ५ मिलिमीटर जाड पट्टी घ्या. तिचे क्षेत्रफळ २०० चौरस मिलिमीटर, म्हणजे कांबेपेक्षा जास्त! तरीही ती त्याच कांबेपासून निघू शकते. फक्त एक मीटर पट्टीसाठी सुमारे १.६ मीटर कांब लागेल. तार ओढण्याच्या रीतीत कांब नेहमी बारीकच होत जाते. या रीतीत मात्र बारीक कांबेपासून तिच्याहून रुंद पट्टी मिळते.

जसे आत, तसे बाहेर

एवढा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर तुमच्या मोहल्ल्यातील ट्रान्सफॉर्मरमध्ये आहे. त्याच्या आत वेटोळी असतात. मोठ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ही वेटोळी अनेकदा तांब्याच्या चपट्या पट्टीची असतात. पट्टीवर विद्युतरोधक कागद गुंडाळतात आणि सगळे तेलात बुडवून ठेवतात. पट्टीवर एखादी अणकुचीदार कूस किंवा फोड राहिला, तर तो कागदाला टोचतो. वर्षानुवर्षांच्या कंपनाने कागद फाटतो. दोन वेढे एकमेकांना टेकतात आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. परीक्षा तोंडावर आलेली असावी आणि सगळा मोहल्ला अंधारात बुडावा, याला नखाएवढी कूसही पुरते!

डायमधून निघालेल्या पट्टीच्या कडा हव्या तशा गोलसर करता येतात. तिचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. पण त्यासाठी एक अट आहे. कांब स्वच्छ आणि शुद्ध हवी. कांबेवर तेल, ओल किंवा धूळ असली, तर ती तांब्याबरोबर आत ओढली जाते. तेलाचा वायू होतो आणि तो पट्टीत फोड आणतो. तांब्यात ऑक्सिजन मुरलेला असेल आणि तापलेल्या तांब्याला हायड्रोजन मिळाला, तर आतल्या आत पाण्याची वाफ तयार होते आणि धातूला बारीक भेगा पडतात. म्हणून या कामासाठी ऑक्सिजनविरहित तांबे वापरतात. त्याच्या दहा लाख भागांत ऑक्सिजनचे दहा भागही नसतात. वितळलेले तांबे सरळ वर ओढून अशी कांब तयार करण्याची रीत फिनलंडमध्ये विकसित झाली.

या रीतीलाही मर्यादा आहेत. फार जाड आणि मोठे आकार अजूनही मोठ्या दाबयंत्रातच काढतात. केसासारखी बारीक तार ओढूनच करतात. काही कठीण मिश्रधातूंपुढे चाक आणि डाय लवकर झिजतात. प्रत्येक हत्याराला आपापले काम असते. सुईचे काम सुईने आणि कुऱ्हाडीचे काम कुऱ्हाडीनेच करावे लागते.

तरीही ग्रीन यांच्या शोधातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. घर्षण नवीन नव्हते, चाक नवीन नव्हते, तांबेही नवीन नव्हते. सर्व जण घर्षण कमी कसे करावे, याचा विचार करत होते. ग्रीन यांनी प्रश्नच उलटा विचारला : हे घर्षण आपल्याला कोठे उपयोगी पडेल? प्रश्न बदलला आणि उत्तर सापडले. मित्रांनो, प्रयोगशाळेत, कारखान्यात किंवा घरीही एखादी गोष्ट वारंवार आड येत असेल, तर तिच्यावर नुसते चिडू नका. तिचा जोर कोणत्या दिशेने आहे, ते आधी पाहा. कदाचित तोच जोर तुमच्या कामी येईल.

शब्दार्थ

करामत – कौशल्य, चमत्कार
दट्ट्या – आत ढकलण्याचा दांडा
कांब – धातूची जाड सळई
खोबण – लांबट खाच
अडसर – वाट अडवणारी वस्तू
मळसूत्र – स्क्रूसारखे आटे
कूस – बारीक टोचणारा कण
विद्युतरोधक – वीज वाहू न देणारा
खटाटोप – धडपड, मेहनत

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बहिःसारण म्हणजे काय?
(आ) कॉन्फॉर्म ही रीत कोणी व केव्हा शोधून काढली?
(इ) डायमधून निघालेली पट्टी हवा लागू न देता पाण्यात का नेतात?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) नेहमीच्या दाबयंत्राच्या तीन अडचणी कोणत्या?
(आ) कांब भट्टीत न तापवताही तांबे कसे तापते?
(इ) 'तीनातून एक वजा केला, की दोन उरले,' असे लेखकाने का म्हटले आहे?

प्र. ३. फरक सांगा : सोऱ्या आणि शेवयांचे यंत्र.

प्र. ४. कारखाना, कारागीर, जोर, हवा, खर्च हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी तीन शब्द शोधा आणि त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.

प्र. ५. १२.५ मिलिमीटर व्यासाच्या कांबेपासून २० मिलिमीटर रुंद व ३ मिलिमीटर जाड पट्टी काढायची आहे. एक मीटर कांबेपासून सुमारे किती मीटर पट्टी मिळेल?

उपक्रम : तुमच्या घरातील तांब्याच्या वस्तूंची यादी करा. त्यांपैकी कोणती वस्तू ठोकून, कोणती ओढून आणि कोणती दाबून तयार केली असेल, याची वर्गात चर्चा करा.